ड्रिलचा गिअरबॉक्स रोबोटच्या चाकाला जोडताना

फर्निचर आणि फॉल्स सीलिंगची कामं करणाऱ्यांकडे एखादं तरी बॅटरी गेलेलं कॉर्डलेस ड्रिल पडून असतं. नवी बॅटरी घ्यायची तर ती जवळजवळ नव्या मशीनच्या भावात पडते, म्हणून सगळं मशीनच भंगारात जातं. आतला गिअरबॉक्स मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. शाळेतल्या छोट्या रोबोटला बाजारातली तयार गिअर मोटर पुरते. कॉलेजच्या स्पर्धेसाठी पंधरा-वीस किलोचं यंत्र उभं राहिलं की त्या मोटरचा ६ मिलिमीटरचा शाफ्ट वाकतो, नाहीतर आतले दात झडतात. अशा वेळी आम्ही मुलांना ड्रिल शोधायला सांगतो. गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या भंगारवाल्यांकडे आणि मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे ती मिळतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घेतली की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात. ड्रिल धरणारा माणूस मशीन सरळ पुढे दाबतो, म्हणजे स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या दांड्यावर) येणारा भार त्याच्या लांबीच्या दिशेने असतो. मशीन बहुतेक वेळ एकाच दिशेने फिरतं आणि स्क्रू घट्ट बसला की क्लच (जोर वाढला की फिरणं तोडणारी यंत्रणा) सुटावा अशीच त्याची रचना असते. रोबोटच्या चाकाचं याच्या बरोबर उलट आहे. भार आडवा येतो, दिशा सारखी बदलते आणि क्लच सुटला तर यंत्र जागच्या जागी कटकट करत उभं राहतं. गिअरबॉक्समध्ये जे बदल करायचे ते एवढ्यासाठीच.

घेताना १२ ते १८ व्होल्टचं, ब्रश असलेल्या मोटरचं साधं ड्रिल घ्यावं. डाव्या-उजव्या चाकासाठी एकाच मॉडेलची दोन हवीत. जमलं तर तिसरंही घ्यावं. वायरवर चालणारं २३० व्होल्टचं ड्रिल कामाचं नाही. त्यात प्लॅनेटरी गिअर (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं) नसतात आणि मोटरही वेगळ्या जातीची असते. इम्पॅक्ट ड्रायव्हर तर अजिबात नको, त्याच्या आत हातोडा-ऐरण असते आणि ती काढून टाकल्यावर उपयोगाचं फार काही उरत नाही. हॅमर ड्रिल चालतं, पण त्याचा स्पिंडल पुढे-मागे सरकतो. आतली दातेरी चकती काढून तिच्या जागी तेवढ्याच जाडीचा वॉशर भरावा लागतो. ब्रशलेस ड्रिलचा गिअरबॉक्स चांगला असतो. मात्र त्याच्या मोटरला तीन वायरी आणि वेगळा कंट्रोलर लागतो, त्यामुळे पहिल्या रोबोटला ते टाळलेलं बरं.

खोलण्याआधी चक, म्हणजे बिट पकडणारा जबड्यांचा भाग, काढायचा. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवायचा. बहुतेक मुलं इथे नेहमीच्या सवयीने जोर लावतात आणि डोकं झिजवतात. स्क्रू निघाला की चकमध्ये मोठी अ‍ॅलन की आवळून तिच्या लांब टोकावर घड्याळाच्या उलट दिशेने हातोडीचा एक झटका द्यायचा. झटकाच लागतो, हळूहळू जोर लावून चक सुटत नाही. तो उलट्या आट्यांचा स्क्रू जपून ठेवावा, पुढे लागतो.

गिअरबॉक्स उघडताना तो ताटात धरावा. पुढच्या नाकाडातून ५ मिलिमीटरचे पोलादी छर्रे निघतात, बहुधा सहा, आणि त्यातला एक टेबलाखाली गेला की सापडत नाही. प्रत्येक थर उचलण्याआधी फोनवर फोटो काढावा. मोटर वेगळी करण्यापूर्वी पिनियनचं (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचं) टोक मोटरच्या तोंडापासून किती पुढे आहे ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावं. मोटर जळली तर नवी ५५० मापाची मोटर सहज मिळते, तिचा शाफ्टही ३.१७ मिलिमीटरचाच असतो. पण जुनं पिनियन त्यावर त्याच उंचीला बसायला हवं. ते पुलरने काढावं. नवीन शाफ्टवर दाबताना मोटरच्या मागच्या प्लास्टिकच्या टोपणाला नव्हे, शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार द्यावा. दात डिझेल आणि ब्रशने धुवावेत, आणि झिजलेले नाहीत ना हे उजेडात धरून पाहावं. पहिल्या टप्प्यातले प्लॅनेट गिअर प्लास्टिकचे असले तरी घाबरू नये, तिथे फिरण्याचा जोर कमी असतो. शेवटच्या टप्प्यातले लोखंडीच हवेत.

दात उघडे असतानाच ते मोजून घ्यावेत. मधल्या सन गिअरला ९ आणि बाहेरच्या रिंगला ४५ दात असतील, तर त्या टप्प्याचं गुणोत्तर १ अधिक ४५ भागिले ९, म्हणजे ६. असे दोन टप्पे असले की ३६. एका वेगाच्या साध्या ड्रिलमध्ये हा आकडा बराच दिसतो. १८ व्होल्टला मोटर मिनिटाला सुमारे २०,००० फेरे घेत असेल तर १२ व्होल्टला १३,३०० घेईल. ३६ ने भागले की ३७०. चाक १०० मिलिमीटरचं, म्हणजे परीघ ३१४ मिलिमीटर. बिनभाराचा वेग सेकंदाला १.९ मीटर आणि भार आल्यावर दीड मीटरच्या आसपास. वर्गाएवढ्या मैदानात याहून जास्त वेग चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

जोराचा हिशेबही याच कागदावर करावा, कारण वायर, फ्यूज आणि कंट्रोलर यांची निवड त्यावर ठरते. यंत्र १५ किलोचं, सगळं वजन दोन चालत्या चाकांवर, रबर आणि फरशीमधलं घर्षण ०.८ धरलं, तर दोन्ही चाकं मिळून ११८ न्यूटनपर्यंत ढकलू शकतात. त्यापुढे ती घसरतात. एका चाकाला ५९ न्यूटन. त्याला ५० मिलिमीटर त्रिज्येने गुणलं की साधारण ३ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मोटरच्या वाट्याला फक्त ०.१ न्यूटन-मीटर येतो, आणि त्यासाठी ती १४ अँपिअरच्या आसपास घेते. तीच मोटर अडकवून ठेवली तर १२ व्होल्टला ५० अँपिअर किंवा त्याहून जास्त खेचते. म्हणजे भिंतीला टेकल्यावर मोटर अडकण्याआधी चाक घसरतं, आणि ते मोटरच्या भल्याचं आहे. यंत्र ४० किलोचं झालं की हाच हिशेब प्रत्येक मोटरला ३४ अँपिअरवर जातो. तिथे दोन ड्रिलवर भागवू नये, चार लावावीत.

दोन वेगांचं ड्रिल असेल तर त्यात तीन टप्पे असतात. मधली रिंग पुढे-मागे सरकते. एका जागी ती गिअरबॉक्सच्या घराच्या दातांत अडकते आणि टप्पा काम करतो, दुसऱ्या जागी ती कॅरिअरबरोबर (प्लॅनेट गिअर धरणाऱ्या चकतीबरोबर) फिरते आणि तो टप्पा जणू नसतोच. रोबोटसाठी कमी वेगाची जागा घ्यावी. रिंग सरकवणारी वाकडी तार बाहेरून दिसते. ती त्या जागी पक्की करायलाच हवी, नाहीतर कंपनाने रिंग मध्येच येऊन थांबते आणि दोन-चार सेकंदांत दातांची टोकं गोल होतात. तारेच्या खाचेत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा एपॉक्सीने बसवला की काम झालं.

आता क्लच. शेवटच्या रिंग गिअरच्या पुढच्या तोंडावर उंचवटे असतात. छर्रे त्या उंचवट्यांमधल्या खळग्यांत बसतात, वरून वॉशर, त्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगला दाबणारी आकडे लिहिलेली कॉलर. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिंग छर्ऱ्यांना वर ढकलते आणि स्वतःच घरात फिरू लागते. ऐकू येते ती कटकट हीच. मशीनवर ड्रिलचं चिन्ह असतं त्या जागी कॉलर छर्ऱ्यांना उठूच देत नाही. पण रोबोटसाठी चक आणि कॉलर काढली की ती अडवणूकही निघून जाते, आणि पुष्कळ मुलं इथेच कोड्यात पडतात की मशीनवर नीट चालणारा गिअरबॉक्स चाकाला का घसरतो.

स्प्रिंग जास्तीत जास्त आवळणं हा उपाय नव्हे, धक्का बसला की ती दबतेच. आम्ही स्प्रिंग आणि वॉशर काढून टाकतो. छर्ऱ्यांची भोकं सुमारे ५ मिलिमीटरची असतात आणि एम६ टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) लागतं तेवढंच हे भोक आहे. त्यामुळे वेगळं ड्रिलिंग न करता सरळ टॅप मारता येतो. टॅप मारताना रिंग बाहेर काढून ठेवावी, म्हणजे चुरा आत जात नाही. मग एक सोडून एक अशा तीन भोकांत छर्रा परत टाकून वरून एम६चा ८ मिलिमीटर लांबीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवायचा. बाकीची तीन भोकं धूळ जाऊ नये म्हणून बंद करायची. भोकाभोवतीची भिंत दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर टॅपच्या नादी लागू नये. तिथे स्प्रिंगच्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा घालून कॉलरचा नट त्यावर आवळावा.

नाजूक भाग आहे तो आवळण्याचा. छर्रे खळग्यात असायला हवेत, उंचवट्यावर नव्हे. रिंग हाताने थोडी हलवून छर्रा खाली बसल्याचं कळतं. स्क्रू टेकेपर्यंत फिरवायचा आणि तिथून पाव फेरा मागे घ्यायचा. जास्त आवळला तर रिंग मागे दाबली जाते, प्लॅनेट गिअर वॉशरवर घासतात आणि गिअरबॉक्स जड होतो. हाताला हे कळत नाही, अँपिअर मीटरला कळतं. क्लच पक्का करण्याआधी १२ व्होल्टवर बिनभाराचा करंट मोजून ठेवावा, साधारण २ ते ३ अँपिअर असतो. नंतर तो अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त वाढला असेल तर स्क्रू सैल करावेत. हे घर काच मिसळलेल्या नायलॉनचं असतं, पण काही स्वस्त मशीनांत दुसरं प्लास्टिकही असतं. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना थ्रेडलॉकरने (आटे सुटू नयेत म्हणून लावायच्या द्रवाने) तडे जातात. म्हणून प्लास्टिकमधल्या ग्रब स्क्रूवर थ्रेडलॉकर न लावता वरून एपॉक्सीचा एक थेंब द्यावा.

एका हाताने चक उघडता येतो अशा मशीनांत आणखी एक यंत्रणा असते, स्पिंडल लॉक. मशीन बंद असताना चक हाताने फिरवून पाहा. फिरला नाही तर लॉक आहे. शेवटच्या कॅरिअरच्या पुढे कडक पोलादी रिंग असते, तिच्या आत सपाट बाजू असलेला कॅम आणि दोघांच्या मध्ये छोटे रोलर. मोटर फिरली की कॅरिअरचे दात रोलरना मोकळं ढकलतात आणि सगळं एकत्र फिरतं. बाहेरून स्पिंडल फिरवायचा प्रयत्न केला की रोलर पाचरीसारखे अडकतात. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेच्या संचात एकेकाळी बॉशच्या ड्रिलची मोटर आणि गिअरबॉक्स येत असे, आणि त्यातल्या अशाच अडकणाऱ्या पिना काढणं हे तिथल्या मुलांचं नेहमीचं काम होतं.

चाकाला हे लॉक घातक ठरतं. चालत्या यंत्राचा वेग कमी केला की चाक मोटरच्या पुढे पळू पाहतं, रोलर अडकतात, पुढच्या क्षणी मोटर त्यांना सोडवते, परत अडकतात. यंत्र खडखडत थांबतं आणि प्रत्येक झटका दातांवर जातो. म्हणून चाकाच्या गिअरबॉक्समधून रोलर काढून टाकावेत, बाकी कॅम आणि रिंग तशीच ठेवावी. कॅरिअरचे दात आता कॅमला थेट ढकलतात. स्पिंडलला काही अंशांची ढिलाई येते, ती चाकाला जाणवत नाही. रोबोटच्या हाताला किंवा वर उचलणाऱ्या लिफ्टला मात्र हेच लॉक वरदान आहे. वीज गेली तरी उचललेलं वजन जागच्या जागी राहतं. तिथे रोलरना हात लावू नये.

मोटर आणि गिअरबॉक्स यांची पकड पुष्कळ मशीनांत बाहेरच्या कवचावरच असते. कवच काढलं की दोन्ही वेगळे होतात. शाळेच्या रोबोटसाठी सोपा मार्ग म्हणजे मुठीचा भाग हॅकसॉने कापून वरचं कवच तसंच वापरणं. मूळ स्क्रू आणि मूळ खाचा, सगळं एका रेषेत. स्पर्धेच्या यंत्राला दोन पट्ट्या कराव्यात, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा १२ मिलिमीटर मरीन प्लायच्या. पुढच्या पट्टीत नाकाडाच्या मापाचं भोक, मागच्या पट्टीत मोटर, आणि दोघींना बांधणारे चार एम५ आट्यांचे रॉड. गिअरबॉक्सच्या अंगावरचे कान पुढच्या पट्टीत कानसने केलेल्या खाचांत बसले पाहिजेत, कारण चाक एका दिशेने फिरतं तेव्हा घर उलट दिशेने फिरू पाहतं. नळीला लावायच्या क्लिपने गिअरबॉक्स आवळण्याची कल्पना हटकून कोणाला तरी सुचते. क्लिपने घर चिमटलं जातं, रिंग गोल राहत नाही, करंट वाढतो.

स्पिंडलचे आटे इंची असतात, ३/८ इंच २४ किंवा १/२ इंच २० यूएनएफ. पहिला ९.५ मिलिमीटरचा असल्याने दुकानदार एम१० चा नट काढून देतो. तो ढिला बसतो आणि पहिल्याच झटक्यात आटे खातो. हब, म्हणजे स्पिंडलवर बसणारा जोडतुकडा, टर्नरकडून करून घ्यावा. कुंडई आणि वेर्णा औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथ आहेतच. मालीम आणि कुटबणच्या जेट्टीकडे ट्रॉलरच्या शाफ्टची कामं करणारा टर्नर मिळाला तर उत्तम, शाफ्ट आणि बुश हेच त्याचं रोजचं काम. ३/८ साठी ८.५ मिलिमीटरचं आणि १/२ साठी ११.५ मिलिमीटरचं भोक पाडून टॅप मारायचा. चाक दोन्ही दिशांनी फिरणार, तेव्हा नुसत्या आट्यांवर विसंबता येत नाही, उलट्या फेऱ्यात हब सुटून येतो. त्यासाठी तो जपून ठेवलेला उलट्या आट्यांचा स्क्रू हबच्या मधून परत बसवावा. शिवाय हब आणि स्पिंडल दोघांतून ४ मिलिमीटरची आडवी पिन घालावी. हे धातूवर धातू असल्याने इथे थ्रेडलॉकर बिनधास्त वापरावा.

चाक मात्र थेट स्पिंडलवर टांगू नये. आतला आधार एखादं छोटं बेअरिंग किंवा नुसता ब्राँझचा बुश असतो, आणि आडव्या भाराने तो लवकर लांबट होतो. आमची पसंती साखळीला आहे. ट्रॉलीचं १०० मिलिमीटरचं पीयू (पॉलियुरेथेन) चाक एम१२ बोल्टवर मोकळं फिरवायचं, त्याच्या बाजूला स्प्रॉकेट बोल्टने पक्कं करायचं आणि गिअरबॉक्सच्या हबवरच्या स्प्रॉकेटने ते ओढायचं. यंत्राचं सगळं वजन बोल्टवर येतं, स्पिंडलवर फक्त साखळीचा ताण. सायकलची अर्धा इंची साखळी कोणत्याही गावात मिळते, जागा कमी असेल तर ३/८ इंची घ्यावी. गिअरबॉक्सच्या पट्टीला गोल भोकांऐवजी लांबट भोकं ठेवावीत, म्हणजे ताण जुळवता येतो. वीतभर अंतरावर साखळी मधोमध बोटाने ५-६ मिलिमीटर दबली की पुरे. साखळीला जागाच नसेल तर १२ मिलिमीटरचा शाफ्ट केपी००१ या दोन बेअरिंगांवर उभा करावा आणि गिअरबॉक्सला स्पायडर कपलिंगने (मध्ये रबरी तुकडा असलेल्या लवचिक जोडाने) जोडावा. ताठ जोड केला तर तीन आधार एका रेषेत कधीच येत नाहीत.

विजेच्या बाजूला फार काही लपलेलं नाही. एल२९८ चा मोटर ड्रायव्हर इथे जळतोच, तो एका मोटरला २ अँपिअरचा. सलग २० ते ३० अँपिअर देणारा ड्रायव्हर घ्यावा, आणि मॉड्यूलवर छापलेला आकडा पंखा नसताना खरा धरू नये. प्रत्येक मोटरला २० अँपिअरचा गाडीचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर, आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये व प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या डब्यापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर. ते नसले की ब्रशच्या ठिणग्यांनी रिमोटचा सिग्नल तुटतो.

यंत्र एका बाजूला ओढतं ही तक्रार हमखास येते. पुष्कळ ड्रिल मोटरींचे ब्रश सुलट्या दिशेसाठी किंचित पुढे बसवलेले असतात. मग सुलट फेरे जास्त, उलट फेरे कमी. रोबोटवर दोन्ही मोटरी समोरासमोर बसतात, म्हणजे पुढे जाताना एक सुलटी आणि एक उलटी फिरते. दोन्ही दिशांचा बिनभाराचा करंट वेगळा आला की कारण हेच आहे, मुलांनी चाकं पुन्हा पुन्हा सरळ करत बसू नये. चाकावर चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर लावून फेरे मोजावेत आणि प्रोग्रॅममध्ये ते जुळवावेत.

जोडणी झाली की प्रत्येक दिशेला दहा मिनिटं चाकं अधांतरी ठेवून चालवावं. नंतर मोटरवर हात ठेववत नसेल तर गिअर घासत आहेत. मग गिअरबॉक्स उघडून दातांवर नव्याने लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. गोळेच्या गोळे भरले तर ते बाजूला फेकले जातात आणि मोटरमध्ये उतरतात. आपल्याकडच्या पावसात उघडे ठेवलेले पोलादी गिअर आठवड्याभरात तांबूस होतात. म्हणून चवथीच्या सुट्टीला जाण्याआधी यंत्राची चाकं ग्रीस पसरेपर्यंत फिरवावीत आणि ते सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बांधून ठेवावं. जांभ्याची धूळ नाकाडाच्या फटीतून आत जाते, तिथे ओ-रिंग बसवावी. मिरामारच्या वाळूत प्रात्यक्षिक दाखवायचं असेल तर मोटरच्या हवेच्या भोकांवर बारीक जाळी हवी, कारण वाळूतले काळे चुंबकीय कण आतल्या चुंबकाला चिकटले की निघता निघत नाहीत.

तिसरं ड्रिल लागतं ते स्पर्धेच्या दिवशी. त्याचा गिअरबॉक्स क्लच पक्का करून, रोलर काढून, हब आणि दोन पट्ट्यांसकट तयार ठेवावा. पट्टीची भोकं डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना जुळतील अशीच मारावीत. चार बोल्ट आणि एक साखळीची कडी, एवढ्यात बदल होतो. बिनभाराचा करंट आणि पिनियनची उंची मार्करने त्याच पट्टीवर लिहून ठेवावी.